आईबरोबर जुन्या मालिका परत बघताय का कोणी? (आमची आई बघते कमी, बोलते जास्त)

पाचपाखाडीची_पोर

मंडळी, जरा सल्ला हवाय. आई गेल्या वर्षापासून आमच्याकडे ठाण्यात असते, वय ७६, गुडघे सोडले तर ठणठणीत. आधी संध्याकाळी तलावपाळीला एक चक्कर व्हायची पण आता ते ट्रॅफिक आणि उखडलेले फुटपाथ बघून तिलाच नको वाटतं, त्यामुळे दिवेलागण झाली की टीव्ही. आता टीव्हीवर जे चालू असतं ते बघून ती इतकी चिडते (एका बाईने दुसऱ्या बाईच्या खिरीत काहीतरी टाकलं आणि ते तीन दिवस चालू होतं) की मीच म्हटलं जाऊदे, जुनं काहीतरी लावू. तर आधी श्रीयुत गंगाधर टिपरे लावली, ती मस्त गेली, प्रभावळकर दिसले की ती आधीच हसायला लागते, काही बोलायच्या आधीच. मग आभाळमाया लावली आणि तिथे गंमत सुरू झाली.

शीर्षकगीत हिला पाठ, देवकी पंडितबरोबर हीपण गाते. पुढचं संवादातलं वाक्य सुद्धा कधीकधी आधी बोलते. आणि तरी दर दोन मिनिटांनी "अय्या, हे असं होतं होय!" मला कळेचना. मग विचारल्यावर म्हणाली, अगं मी बघितली कुठे होती, मी ऐकली होती. आमचं चरईतलं घर म्हणजे बाहेरची खोली आणि आत स्वयंपाकघर, टीव्ही बाहेर, ओटा आत आणि ओट्याशी उभं राहिलं की टीव्हीकडे पाठ. ही फोर्टातल्या बँकेतून गाडी पकडून यायची, पर्स ठेवायची आणि कुकर लावायची. आम्ही तिघं बाहेर पाय पसरून सीरियल बघायचो. फार काही रंगलं की लाटणं हातात घेऊन दारात यायची, "काय म्हणाली ती?" विचारायची, आम्ही "शूऽऽ" करायचो, तोवर तव्यावरची पोळी करपायला लागायची की परत आत. त्यामुळे मालिकेतल्या सुधा जोशीचा आवाज तिला झोपेत ऐकला तरी ओळखेल पण सुधाच्या साड्या तिने आत्ता पहिल्यांदा धड बघितल्या. आणि फार आवडल्या. प्रत्येक साडीला आम्ही थांबतो.

आता प्रश्न असा की थांबायचं का? कारण साडीवरून बँकेतली कोणीतरी मैत्रीण, तिच्यावरून गाडीतला ग्रुप, त्यावरून संप, त्यावरून आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असं करत वीस-बावीस मिनिटांचा भाग दीड तास चालतो. मी पॉज करून ऐकते, नवरा म्हणतो मालिका बघायची की मुलाखत घ्यायची ते एकदा ठरवा. पॉज नाही केलं तर ती "मागे घे, मागे घे" करते. दुसरं म्हणजे हिला संवाद नीट ऐकू येत नाहीत, आवाज वाढवला की संगीत डोक्यात जातं. शिवाय यूट्यूबवर सगळे जाड आणि बुटके दिसतात. आणि आभाळमायानंतर काय लावू तेही सांगा. रामायण-महाभारत नकोय, ते लॉकडाऊनमध्ये दोन्ही वेळा भक्तिभावाने झालेलं आहे.

ऐरोली_सेक्टर८

टेक्निकल आधी सांगतो, भावनिक नंतर बाकीचे सांगतीलच.

जाड-बुटके: तेव्हाचं सगळं ४:३ मध्ये शूट झालेलं आहे म्हणजे जवळजवळ चौकोनी चित्र, आत्ताचे टीव्ही १६:९. कोणीतरी अपलोड करताना ताणून भरलेलं असतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर साईज किंवा ॲस्पेक्ट रेशो असतं तिथे ४:३ करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, आई म्हणेल एवढा मोठा टीव्ही घेतला आणि अर्धाच चालतोय, दुर्लक्ष करा. गोची अशी की बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये आतल्या ॲपसाठी हा ऑप्शन बंदच असतो, फक्त एचडीएमआयवर चालतो. तसं असेल तर लॅपटॉप किंवा स्टिक जोडून बघा.

आवाज: वयाप्रमाणे आधी वरच्या पट्टीचं ऐकू यायचं कमी होतं. म्हणजे आ-ओ ऐकू येतं पण स, श, त, क, फ हे सगळं निसटतं, आणि शब्द कळतो तो ह्या अक्षरांवरच. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात "ऐकू येतंय पण कळत नाहीये" आणि आपल्याला वाटतं लक्ष नाहीये. नुसता आवाज वाढवला तर संगीत आणि ढणढणाट पण तेवढाच वाढतो. सेटिंगमध्ये क्लिअर व्हॉइस, डायलॉग असं काहीतरी असेल ते चालू करा, बेस एकदम कमी करा. आजकालच्या पातळ टीव्हींचे स्पीकर मागे भिंतीकडे नाहीतर खाली तोंड करून असतात, एक साधा साऊंडबार पुढे ठेवलात तर निम्मा प्रॉब्लेम जातो. पण त्याच्या आधी एकदा ऑडिओग्राम करून घ्या, कानाची तपासणी, काही दुखत नाही. आमचे बाबा "मला काही झालेलं नाही" म्हणत चार वर्ष टाळत होते, मशीन लावल्यावर पहिलं वाक्य "तुम्ही सगळे एवढ्या जोरात का बोलता".

बाकी दूरदर्शनचं जुनं बघायचं असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप आलंय नोव्हेंबर २०२४ मध्ये, शिवाय त्यांच्या अर्काइव्हजचं यूट्यूब चॅनेल आहे. पायरेटेड लिंका देऊ नका धाग्यावर.

पॉजबद्दल माझं मत विचाराल तर ऑटोप्ले बंद करा, एवढंच.

खारघर_हिल्स

मी जरा वेगळं बोलतो, जोडे पडले तरी चालतील. हे "जुन्या मालिका किती छान होत्या" प्रकरण मला पूर्ण पटत नाही. मीपण आईला मोठ्या हौसेने चार दिवस सासूचे लावून दिलेली. २००१ ला सुरू झालेली ती मालिका दहा वर्षांच्या वर चालली, आणि आता सलग बघायला बसलो तर रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड दोघी जीव ओतून काम करतात पण गोष्ट पुढे सरकेल तर शपथ. तेव्हा रोज अर्धा तास बघायचो म्हणून खपून जायचं. आईच चौथ्या दिवशी म्हणाली, बंद कर रे, हे सगळं मी घरात भोगलंय, परत कशाला बघू. आणि आजी समोर फोटोत! आता काय बोलणार.

तेव्हा मला वाटतं की मालिका आठवड्यातून एकदा येणारी होती का रोजची, हे बघून निवडा. आठवड्याच्या मालिका लिहिलेल्या असायच्या, रोजच्या वाढवलेल्या. आमच्याकडे शेवटी वागळे की दुनिया चालली (१९८८ ची, आत्ताची नवीन नव्हे). तेरा-चौदा वर्षांची माझी मुलगी सुद्धा बसली, कारण एका भागात एकदम कोवळा शाहरुख खान येतो. अंजन श्रीवास्तव मराठी नाहीत हे आईला आजतागायत पटलेलं नाही, ती म्हणते असा चालतो-बसतो तो माणूस सारस्वतच. भारती आचरेकर आपल्या म्हणून नवरापण आपला.

नौपाड्याची_मावशी

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही, पण आज लिहिते कारण तुम्ही सगळे आयांबद्दल बोलताय आणि आई कोणी बोलतच नाहीये. मी ७३ वर्षांची आहे. टायपिंग माझं मीच करते, नातवाने बोलून टाइप करायचं शिकवलं होतं पण त्यात "पोहे" म्हटलं की काहीही येतं.

पोरी, तुझी आई ऐकून मालिका "बघायची" ते अगदी खरं आहे, आमच्या सगळ्यांचं तेच. मी तर शाळेत शिकवायचे, घरी आल्यावर दोन शिकवण्या, मग स्वयंपाक. रविवारी सकाळी साडेनऊला रामायण लागायचं तेव्हा सगळा नौपाडा चिडीचूप, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि मी आत चटणी वाटत होते कारण रामायण संपल्या संपल्या सगळ्यांना नाश्ता लागायचा. हनुमान लंका जाळतोय आणि मी इडल्या काढतेय. मला काही त्याचं वाईट वगैरे वाटलेलं नाही, तेव्हा सगळ्यांचं तसंच होतं, तू पण उगीच मनाला लावून घेऊ नकोस. पण आता मला समोर बसून, पाय वर घेऊन, आयता चहा घेऊन बघायचं असतं. आणि बोलायचं असतं. तेव्हा कोणी बोलू दिलं नाही, "शूऽऽ" केलंत ना? आता थांब तू.

तुझ्या जावईबुवांना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला सांग की दुसऱ्या खोलीत क्रिकेट लाव.

मात्र एक. माझी लेक वाशीला असते, ती आली की मला समोर बसवते आणि सारखी माझ्याकडे बघत असते, मी हसते का, मला आठवतंय का. परीक्षा असल्यासारखं. "आई ही कोण सांग? आई ह्याचं नाव काय?" असं विचारू नका हो. आठवलं तर आम्ही आपणहून सांगतो, थांबता थांबत नाही. नाही आठवलं तर उगीच छातीत धस्स होतं की झालं, सुरू झालं आपलं.

आणि आम्हाला सगळं जुनंच आवडतं असंही नाही. मला ती कोरियन आवडतात, जेवताना किती छान बघतात एकमेकांकडे.

घोडबंदर_रोडची_रखडलेली

मावशी _/\_ लिहीत राहा!!

माझ्या सासूबाईंना विसरायचा आजार आहे, डॉक्टरांकडे नीट निदान झालेलं आहे, औषधं चालू आहेत, म्हणून मावशींचा तो परीक्षेचा मुद्दा मी दहा वेळा अधोरेखित करेन. आमच्याकडे काय चालतं ते लिहिते, कोणाला उपयोग झाला तर. कथा पुढे जाणारी मालिका आता त्यांना झेपत नाही, काल काय झालं ते आज नसतं, मग त्या गोंधळतात आणि गोंधळल्या की चिडतात. त्यामुळे ज्याचा प्रत्येक भाग स्वतंत्र आहे तेच. टिपरे त्यासाठी सोन्यासारखी आहे, कुठलाही भाग कुठूनही लावा, शेवटाला सगळं कुटुंब ठीक असतं. मालगुडी डेज पण, शंकर नागची. त्यातलं ते टायटलचं संगीत लागलं की त्या मान डोलावतात, हिंदी कितपत कळतं कोण जाणे पण स्वामीला शाळेत जायचं नाहीये हे कळायला भाषा लागत नाही. तोच भाग चार वेळा लावला तरी चालतो, आणि आम्हाला पाठ झालेला असला तरी आम्हीपण नव्याने हसतो, त्यात सोंग फारसं करावं लागत नाही, प्रभावळकर आहेतच तसे.

रडारड, मारामारी, मोठ्याने दार आपटणं असलेलं संध्याकाळी अजिबात लावत नाही, संध्याकाळीच त्यांची बेचैनी वाढते. अग्निहोत्र मला स्वतःला प्रचंड आवडते पण ती एवढी पात्रं आणि भूतकाळ-वर्तमानकाळ, ती मी एकटी बघते मेट्रोच्या कामात बसमध्ये अडकलेली असताना, मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत एक भाग आरामात होतो.

एक नाजूक विषय. "हा आता काय करतो गं?" असं त्या नटांबद्दल विचारतात. रीमा लागू दिसल्या की विचारतातच. रीमा २०१७ ला गेल्या. पहिल्यांदा मी सांगितलं तर त्यांना इतकं लागलं, जसं आत्ताच कळलंय, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. आता मी म्हणते "काय काम करायची ना!" आणि त्या म्हणतात "हो ना", आणि आम्ही पुढे जातो. हे खोटं बोलणं आहे का, असेल. ज्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे त्यांच्याशी असं अजिबात वागू नका पण, त्यांना राग येईल आणि यायलाच हवा.

पाचपाखाडीची_पोर

अरे बापरे किती छान प्रतिसाद. मावशी तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला, ती म्हणाली "कोण आहे ही, हिला घरी बोलव." खरंच याल का, आमच्याकडे लिफ्ट आहे :)

आमच्या आईचं उलटं आहे, तिला सगळं लख्ख आठवतं आणि कोण कधी गेलं हे ती स्वतःच जाहीर करते. पडद्यावर नट आला रे आला की "हा गेला." मग त्याचं सगळं, कुठल्या नाटकात होता, गडकरी रंगायतनला कधी बघितला होता, बाल्कनीचं तिकीट कोणी काढलं होतं. प्रिया तेंडुलकर दिसली तेव्हा मात्र बराच वेळ काहीच बोलली नाही. तिची रजनी मालिका लावली होती एक भाग, गॅस सिलिंडरवाला. मग म्हणाली की ह्या बाईमुळे मी आमच्या रेशनवाल्याशी भांडले होते, मापात मारत होता, आणि पाव किलो साखर परत घेऊन आले होते. हे मला माहीतच नव्हतं!! मला वाटायचं आई भांडतच नाही कोणाशी. मग रेशनच्या दुकानात काय काय झालं ते सगळं साग्रसंगीत, कोण रांगेत होतं, कोण म्हणालं "जाऊदे ना वहिनी", आणि ही कशी पिशवी काट्यावर परत ठेवून तिथेच उभी राहिली. रजनी तेवढ्यात पॉजवर, तोंड उघडं.

खारघरकर, तुमच्या आईचं वाक्य वाचून हसून हसून पुरेवाट. पण आठवड्याची आणि रोजची हा मुद्दा पटला. तसं बघायला गेलं तर दामिनी रोजचीच होती आणि आईला तीच हवीये, प्रतीक्षा लोणकरची, मराठीतली पहिली रोजची मालिका ना ती? पत्रकार बाई अन्यायाविरुद्ध लढते म्हणून आवडायची म्हणते. पण सलग कुठे सापडत नाहीये मला.

ऐरोलीकर, ४:३ सापडलं! म्हणजे ॲपमध्ये नाहीच, लॅपटॉप जोडल्यावर झालं. आईची पहिली प्रतिक्रिया शब्दशः तुम्ही लिहिलीत तीच. कान तपासायची अपॉइंटमेंट घेतलीये, "तुझ्या समाधानासाठी येते" असं म्हणून तयार झालीये.

जुना_वरळीकर

उशिरा आलो. मी आता नेरूळला असतो पण लहानपण वरळीला, दूरदर्शनचा टॉवर खिडकीतून दिसायचा. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा आमच्या मजल्यावर एकच टीव्ही, शटरवाला. संध्याकाळी त्या घरातली माणसं स्वतःच्याच घरात कोपऱ्यात बसायची.

ताई, तुमच्या आईचं वय बघता तिला चिमणराव-गुंड्याभाऊबद्दल विचारा. सत्तरचं दशक संपता संपता लागायची, ब्लॅक अँड व्हाइट, प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, चिं. वि. जोशींच्या गोष्टींवर. टिपरेचे आबा बघून ज्या हसतात त्यातल्या बऱ्याच जणी चिमणरावाला हसत असतात असं माझं निरीक्षण आहे. पण शोधायला जाल तर हाती फार लागणार नाही. त्या काळी टेप महाग होत्या, पुसून परत त्यावरच रेकॉर्डिंग करायचे, त्यात कितीतरी चांगलं काम गेलं. गजरा हा कार्यक्रम गेला, कितीतरी नाटकं गेली. माझा तर ह्यावर फार राग आहे, असो. जे थोडं उरलंय ते तुकड्यातुकड्यात बघायला मिळतं, तेवढं दाखवा. उरलेलं त्या सांगतील, आणि तुम्ही पॉज करायचा प्रश्नच येणार नाही कारण पुढे काही नसेलच.

आणि दामिनी माझ्या माहितीप्रमाणे पहिली दैनंदिन बरोबर, त्यावरून वाद घालायला कोणी येईल त्याच्या आधी लिहून ठेवतो.

आभाळमायानंतर प्रपंच लावा असं माझं मत. प्रतिमा कुलकर्णींची. त्याच सुमाराची, अल्फा मराठी (आताचं झी मराठी) १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झालं त्या पहिल्या लाटेतली. सुधीर जोशी, रसिका जोशी, संजय मोने, भरत जाधव, सगळे एका घरात. ओढून ताणून भांडण नाही, माणसं माणसांसारखी बोलतात, एकमेकांचं वाक्य तोडतात. फक्त तुमच्या आईच्या "हा गेला, ही गेली" ला तयार राहा. सुधीर जोशी २००५, रसिका २०११. रसिका तर किती लवकर.

खारघर_हिल्स

प्रपंचला माझंपण अनुमोदन, बघा मी नुसता विरोधच करत नाही. त्यातली खोली बघून आमची आई म्हणाली होती एवढ्या जागेत दोन वनबीएचके बसतील.

नौपाड्याची_मावशी

येईन मी पाचपाखाडीला, रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत तेवढं बघ. शनिवारी चालेल का? आणि मालिका लावू नकोस आल्या आल्या, आधी चहा. तुझ्या आईला विचार बँक कुठली, माझी नणंद होती फोर्टातच, गाडीपण तीच असेल.

पाचपाखाडीची_पोर

मावशी व्यक्तिगत निरोप केलाय. शनिवार चालेल, मी खाली गेटवर येते.

प्रपंच सुरू केली काल. दोन भाग झाले असं म्हणायला हरकत नाही, खरं तर एक आणि थोडा. क्रमाने सगळे भाग अधिकृतपणे कुठे असतील तर प्लीज लिंक टाका, मला मधले काही सापडत नाहीयेत आणि आई म्हणते मधलं सोडून पुढचं अजिबात लावायचं नाही.